स्वाक्षरीनंतरचा हिशेब : भारत-पोर्तुगाल राजनैतिक संबंधांच्या पुनर्स्थापनेची चिकित्सा

प्रस्तावना :

दोन राष्ट्रांमधील राजनैतिक संबंध तुटतात तेव्हा त्याची दखल वृत्तपत्रे, संसद आणि इतिहासकार घेतात. ते पुन्हा जुळतात तेव्हा मात्र एक समारंभ, एक संयुक्त निवेदन आणि दोन स्वाक्षऱ्या एवढ्यावरच अभ्यासकांचे समाधान होते. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक्रमात युद्धाची कारणे शिकविली जातात, शांततेच्या तहांची कलमे पाठ करून घेतली जातात. परंतु तुटलेला संपर्क पुन्हा उभा राहतो म्हणजे नेमके काय घडते, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भारत आणि पोर्तुगाल यांचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. १९४९ मध्ये प्रस्थापित झालेले हे संबंध १९५५ मध्ये संपुष्टात आले. १९६१ मध्ये गोवा, दमण व दीव मुक्त झाले आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्ली येथे झालेल्या कराराने हे संबंध पुन्हा प्रस्थापित झाले. या करारावर भारताच्या वतीने तत्कालीन परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी आणि पोर्तुगालच्या वतीने परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश यांनी स्वाक्षऱ्या केल्या. मराठी वाचकाला गोवामुक्तीचा लढा परिचित आहे. त्या लढ्याचा राजनैतिक शेवट करणारा हा करार मात्र आपल्या चर्चेत फारसा येत नाही.

या कराराकडे पाहण्याची रूढ दृष्टी अशी : पोर्तुगालमध्ये हुकूमशाही कोसळली, लोकशाहीवादी सरकार आले आणि त्याने वास्तव मान्य केले, प्रश्न संपला. ही मांडणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. राजनैतिक संबंधांच्या पुनर्स्थापनेचे मोजमाप स्वाक्षरीच्या तारखेवरून करता येत नाही. संबंध तुटल्यामुळे जी माणसे, जे दस्तऐवज आणि जी मालमत्ता दोन्हींच्या मध्ये अडकून पडली, त्यांची सुटका केव्हा व कितपत झाली यावरून ते करावे लागते. या कसोटीवर १९७४ चा करार एकाच वेळी अत्यंत यशस्वी आणि अपूर्ण ठरतो. त्याचे यश आणि त्याचे अपुरेपण ही दोन्ही एकाच गोष्टीतून, म्हणजे त्याने जाणीवपूर्वक पाळलेल्या मौनातून, निर्माण झाली आहेत.

संबंधविच्छेदाची प्रक्रिया :

भारत-पोर्तुगाल संबंध एका दिवसात तुटले नाहीत. १९५० मध्ये भारत सरकारने गोव्याच्या भवितव्याबाबत वाटाघाटी सुरू करण्याची सूचना केली. पोर्तुगालने चर्चेचा विषयच अस्तित्वात नाही अशी भूमिका घेतली. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत बदल करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. ज्या भूभागाला वसाहत म्हणावयाचेच नाही, त्याच्या स्वातंत्र्याची चर्चा कशी करावयाची, असा हा युक्तिवाद होता. वाटाघाटींना वाव उरला नाही तेव्हा जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला व त्यात वीसहून अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. याच महिन्यात उभय देशांतील राजनैतिक संबंध पूर्णपणे संपुष्टात आले. भारताने गोव्याशी असलेल्या प्रवास, मालवाहतूक आणि पैसे पाठविणे यांवर निर्बंध लादले. या निर्बंधांची झळ पोर्तुगीज सत्तेला जेवढी बसली तेवढीच, किंबहुना अधिक, ती मुंबईत नोकरी करणाऱ्या, बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्या आणि घरी पैसे पाठविणाऱ्या गोमंतकीयांना बसली. या बाबीची नोंद मुक्तिलढ्याच्या इतिहासात घेतली जाते ती बहुधा ओझरतीच.

संपर्क तुटला तरी संघर्ष थांबला नाही. त्याने केवळ व्यासपीठ बदलले. डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळताच पोर्तुगालने दादरा व नगर हवेलीकडे जाण्याच्या मार्गहक्काबाबत आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. भारताची बाजू मांडणाऱ्यांत महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड होते आणि भारताने नियुक्त केलेले न्यायाधीश म्हणून एम. सी. छागला यांनी काम पाहिले. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निर्णय दिला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता पोर्तुगालचा मार्गहक्क १९५४ मध्ये अस्तित्वात होता; सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता; आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असा तो निर्णय होता. पोर्तुगालचे म्हणणे काही अंशी मान्य झाले, पण प्रत्यक्षात त्याच्या हाती काहीच लागले नाही. दोन सरकारे परस्परांशी बोलत नसताना न्यायालयाचा निर्णय हक्क सांगू शकतो, संबंध निर्माण करू शकत नाही, हा या खटल्याचा धडा होय.

डिसेंबर १९६१ मधील लष्करी कारवाईनंतर १९ डिसेंबर रोजी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. त्याआधी सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीची मागणी करणारा पाश्चात्त्य राष्ट्रांचा ठराव सात विरुद्ध चार मतांनी पुढे आला होता, परंतु सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो निष्प्रभ ठरला. सालाझार राजवटीने ही घटना कधीच मान्य केली नाही. पोर्तुगालच्या राष्ट्रीय सभेत गोव्याच्या नावाने प्रतिनिधित्व चालू ठेवण्यात आले. जो भूभाग हातून गेला होता तो कागदोपत्री पोर्तुगालचाच राहिला.

संपर्कहीन काळ आणि अडकलेली माणसे :

व्हिएन्ना येथे एप्रिल १९६१ मध्ये झालेल्या राजनैतिक संबंधविषयक आंतरराष्ट्रीय कराराने संबंध तुटल्यानंतरच्या परिस्थितीचाही विचार केला आहे. दूतावासाची वास्तू व दप्तर यांचे संरक्षण करणे आणि आपल्या हितसंबंधांची जबाबदारी उभयपक्षी मान्य अशा तिसऱ्या राष्ट्राकडे सोपविणे, अशी तरतूद त्याच्या ४५ व्या कलमात आहे. भारतातील पोर्तुगीज हितसंबंधांची जबाबदारी ब्राझीलने स्वीकारली होती. म्हणजे दार बंद झाले तरी एक फट शिल्लक राहते. परंतु त्या फटीतून किती माणसे पार होऊ शकतात, हा खरा प्रश्न आहे. या संदर्भात तीन उदाहरणे लक्षात घेण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण युद्धकैद्यांचे. शरणागतीनंतर तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक भारताच्या ताब्यात होते. लढाई दोन दिवसांत संपली, पण हे सैनिक मायदेशी परतले ते मे १९६२ मध्ये. शेवटपर्यंत लढण्याचा आदेश झुगारून शरण आलेल्या सैनिकांना सन्मानाने परत घेण्याची सालाझार यांची तयारी नव्हती. वासालो ई सिल्वा यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. त्यांची पुनर्स्थापना १९७४ च्या क्रांतीनंतरच होऊ शकली.

दुसरे उदाहरण मोहन रानडे यांचे. मूळचे सांगलीचे असलेले रानडे १९५५ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती सापडले. त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली व पुढे त्यांना पोर्तुगालमधील काशियश येथील तुरुंगात ठेवण्यात आले. ज्या भूमीच्या मुक्तीसाठी त्यांनी शिक्षा पत्करली ती १९६१ मध्ये मुक्त झाली, पण रानडे मुक्त झाले नाहीत. लिस्बनमध्ये भारताचा राजदूत नव्हता आणि पोर्तुगालच्या दृष्टीने गोवा अद्यापही पोर्तुगीजच होता. म्हणून त्यांच्यावरील गुन्हाही कायम होता. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात प्रयत्न झाले. त्यांत सुधीर फडके यांचा पुढाकार होता. तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे रानडे यांच्यासाठी शब्द टाकला. अखेर जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे गोवामुक्तीनंतर सात वर्षांहून अधिक काळाने, ते सुटले. ही सुटका नेहमीच्या राजनैतिक मार्गाने झालेली नाही. एक गायक-संगीतकार, एका दूरच्या राज्याचा मुख्यमंत्री आणि एक धर्मपीठ यांच्या साखळीतून ती घडून आली. गोव्याचे दुसरे स्वातंत्र्यसैनिक तेलो माश्करेन्हश यांनाही पोर्तुगालच्या तुरुंगातून बाहेर पडण्यासाठी १९७० पर्यंत वाट पाहावी लागली.

तिसरे उदाहरण याच्या अगदी उलट बाजूचे असल्यामुळे अधिक विचार करावयास लावणारे आहे. १९६२ च्या नागरिकत्व आदेशानुसार गोवा, दमण व दीव येथे २० डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या व्यक्ती भारतीय नागरिक मानल्या गेल्या. ज्यांना आपले आधीचे नागरिकत्व टिकवावयाचे होते त्यांनी महिन्याच्या आत तसे लेखी कळवावयाचे होते. सेबास्तियांव फ्रान्सिस्को शाव्हियर दुश रेमेदियुश मोंतेरो या गोमंतकीय धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले. त्यांना दिलेल्या वास्तव्याच्या परवान्याची मुदत १९६४ मध्ये संपली. मुदत वाढवून न घेता ते गोव्यातच राहिले व त्यांच्यावर खटला झाला. जिनिव्हा करारानुसार आपण व्याप्त प्रदेशातील संरक्षित व्यक्ती आहोत, असा त्यांचा बचाव होता. मार्च १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. प्रदेश भारतात सामील झाल्यावर लष्करी ताबा संपतो व त्याबरोबर तो बचावही संपतो, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. कायद्याच्या दृष्टीने निर्णय सुस्पष्ट आहे. पण माणसाच्या दृष्टीने पाहता, स्वतःच्या गावात परकीय ठरलेल्या या धर्मगुरूंच्या मागे उभा राहील असा त्यांच्या देशाचा राजदूतही येथे नव्हता.

रानडे आणि मोंतेरो यांच्या निष्ठा परस्परविरोधी होत्या. एकाने गोव्याच्या मुक्तीसाठी आयुष्य पणाला लावले, दुसऱ्याने पोर्तुगीज नागरिकत्व सोडण्यास नकार दिला. या दोघांना एकाच मापाने मोजण्याचा येथे हेतू नाही. तथापि दोघांचीही अडचण एकच होती : ज्या दोन सरकारांच्या मध्ये ते सापडले ती सरकारे परस्परांशी बोलत नव्हती. राजनैतिक संबंधांचा लाभ केवळ मित्रांना होत नाही. आपला विरोधक असलेल्या सामान्य माणसालाही त्याचा आधार असतो, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

१९७४ चा करार : शब्दयोजना आणि मौन :

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सैनिकी अधिकाऱ्यांनी उठाव करून दीर्घकाळची हुकूमशाही उलथून टाकली. परराष्ट्रमंत्री झालेले सोआरिश स्वतः सालाझार राजवटीत तुरुंगवास आणि हद्दपारी भोगून आलेले होते. जुलै १९७४ मध्ये वसाहतींचा स्वयंनिर्णयाचा हक्क पोर्तुगालने मान्य केला. ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र घटनात्मक कायदा करून, गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार करण्यास परवानगी देण्यात आली. डिसेंबरअखेर करार झाला आणि अनुसमर्थनाची प्रक्रिया पूर्ण होऊन जून १९७५ मध्ये तो अमलात आला. एकोणीस वर्षांचा दुरावा आठ महिन्यांत संपला.

ही गती केवळ सत्तांतरामुळे आली असे म्हणता येत नाही. सत्तांतराने दार उघडले. पण त्यातून पार होण्याजोगा मजकूर तयार करणे हे वेगळे कौशल्य होते. करारातील मध्यवर्ती वाक्याचा आशय असा आहे की, हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या ज्या तारखांना भारताचा भाग झाले त्या तारखांपासून पोर्तुगाल त्यांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व मान्य करते. दादरा व नगर हवेलीच्या बाबतीत दहाव्या घटनादुरुस्तीनुसार ही तारीख ११ ऑगस्ट १९६१ आहे आणि गोवा, दमण व दीवच्या बाबतीत बाराव्या घटनादुरुस्तीनुसार २० डिसेंबर १९६१.

या शब्दयोजनेचे मर्म तिने जे टाळले आहे त्यात आहे. १९६१ ची कारवाई मुक्ती होती की आक्रमण, हा उभय देशांतील सर्वांत कडवट वाद होता. करार त्याचे उत्तर देत नाही. तो लष्करी कारवाईच्या तारखेऐवजी घटनेतील तारखेवर बोट ठेवतो. भारताला आपली भूमिका तसूभरही बदलावी लागली नाही, कारण मान्यता पूर्वलक्षी होती. पोर्तुगाललाही आपल्या सैनिकांचा पराभव स्वतःच्या लेखणीने पुन्हा लिहावा लागला नाही. कोणी क्षमा मागितली नाही, कोणी नुकसानभरपाईची अट घातली नाही. राजनैतिक व्यवहारात शब्द जसे मौल्यवान असतात तसे मौनही असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मार्गहक्काच्या खटल्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. न्यायालयाने चार वर्षांहून अधिक काळ बारीकसारीक हक्कांची छाननी केली, पण निर्णयानंतरही प्रश्न जागच्या जागी राहिला. करारात हक्कांची छाननी नाही, भूतकाळाचे मूल्यमापन नाही. तरीही प्रश्न सुटला. न्यायनिवाड्याला 'कोण बरोबर?' हे विचारावेच लागते. वाटाघाटींना 'उद्यापासून काय?' एवढे विचारून पुढे जाता येते.

तथापि या मौनाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सार्वभौमत्व आणि संबंधांची पुनर्स्थापना यांपलीकडे करारात सांस्कृतिक संपर्क, पोर्तुगीज भाषा आणि ऐतिहासिक व धार्मिक वास्तूंचे जतन यांबाबत सहकार्याची इच्छा व्यक्त झाली आहे. नागरिकांच्या व राज्याच्या मालमत्तेविषयीचे प्रश्न मात्र पुढील द्विपक्षीय वाटाघाटींवर सोपविले आहेत. ज्या गोष्टींवर दोन सरकारांची प्रतिष्ठा अवलंबून होती त्या तत्काळ सुटल्या. ज्या गोष्टींवर सामान्य माणसाचा संसार अवलंबून होता त्या 'पुढे पाहू' या सदरात गेल्या. या मजकुरात गोमंतकीय माणूस मुख्यतः मालमत्तेचा आणि संस्कृतीचा धनी म्हणून डोकावतो. आपले मत असलेला घटक म्हणून तो दिसत नाही. डिसेंबर १९६३ ची विधानसभा निवडणूक आणि १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल यांतून त्याने आपले मत भारतीय घटनेच्या चौकटीत व्यक्त केले होते, ही गोष्ट खरी. परंतु करार हा दोन राजधान्यांमधील व्यवहार राहिला.

तुलनात्मक विचार :

यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री असताना, ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ या अवधीत, भारताने तीन देशांशी विस्कटलेले संबंध पुन्हा जुळविले. पोर्तुगालशी करार झाला. १९७६ मध्ये चीनशी राजदूत पातळीवरील संबंध पूर्ववत होऊन के. आर. नारायणन बीजिंगला गेले. आणि १९७१ च्या युद्धात तुटलेले पाकिस्तानशी संबंधही १९७६ मध्येच पुन्हा सुरू झाले. या तिन्ही घटना एकाच माळेत ओवल्या जातात, पण त्यांचे स्वरूप भिन्न आहे. पोर्तुगालच्या बाबतीत वादाचा मूळ विषय संपला आणि मग दूतावास उघडले. चीन व पाकिस्तान यांच्या बाबतीत वादाचा विषय तसाच ठेवून दूतावास उघडले. पहिल्या प्रकारात संबंध हे समझोत्याचे फलित असते. दुसऱ्यात ते समझोत्याकडे जाण्याचे साधन असते, आणि साधन वारंवार मोडू शकते. पाकिस्तानशी असलेले संबंध ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा खालच्या पातळीवर आले, हे त्याचेच द्योतक आहे.

पोर्तुगालच्या बाजूने पाहिल्यास तुलनेसाठी इंडोनेशियाचे उदाहरण समोर येते. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर आक्रमण केले, तेव्हा पोर्तुगालने त्या देशाशी संबंध तोडले. भारताशी करार अमलात येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. जानेवारी १९९९ मध्ये उभय देशांनी परस्परांच्या राजधानीत हितसंबंध कक्ष उघडले, ३० ऑगस्ट १९९९ रोजी तिमोरच्या जनतेने स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला आणि त्यानंतर डिसेंबर १९९९ मध्ये पूर्ण संबंध प्रस्थापित झाले. या उदाहरणात संपर्क टप्प्याटप्प्याने वाढला आणि अखेरची पायरी तेथील जनतेच्या मतदानानंतरच चढली गेली. गोवा आणि पूर्व तिमोर यांची राजकीय परिस्थिती समान नव्हती, हे उघड आहे. परंतु ज्या प्रदेशावरून संबंध तुटतात त्या प्रदेशातील माणसाला संबंध जुळविण्याच्या प्रक्रियेत कोणते स्थान असते, हा प्रश्न तिमोरच्या उदाहरणाने केंद्रस्थानी आणला. १९७४ च्या करारापुढे तो विचारलाच गेला नव्हता.

स्वाक्षरीनंतरचा हिशेब :

कराराने पुढे ढकललेले प्रश्न कसे सुटले, हे पाहिल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. सांस्कृतिक करार १९८० मध्ये झाला. दागिन्यांच्या प्रश्नाला त्याहून अधिक काळ लागला. बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या गोव्यातील शाखेत अनेक कुटुंबांनी सोन्याचे दागिने गहाण ठेवले होते. मुक्तीच्या ऐन तोंडावर ते लिस्बनला नेण्यात आले. हे सोने कोणत्याही सरकारचे नव्हते. ते गरजेपोटी गहाण पडलेले, घराघरांतील स्त्रियांच्या अंगावरचे होते. ते भारतात परत आले ते १९९१ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर तीस आणि करारानंतर सोळा वर्षांनी. ज्यांनी ते गहाण ठेवले त्यांच्यापैकी अनेकांनी तोवर जगाचा निरोप घेतला असणार.

त्यानंतरच्याच वर्षी, २६ जानेवारी १९९२ रोजी, प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून मारिओ सोआरिश पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष या नात्याने दिल्लीस आले. १९७४ मध्ये याच शहरात त्यांनी करारावर स्वाक्षरी केली होती. स्वाक्षरी आणि सन्मान यांमध्ये सतरा वर्षे गेली. संबंध 'प्रस्थापित' होणे आणि ते 'रुजणे' यांतील अंतर या कालावधीवरून लक्षात यावे.

नागरिकत्वाचा प्रश्न तर आजही पूर्णतः मिटलेला नाही. पोर्तुगालने डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांचा व त्यांच्या वंशजांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवला. भारतीय राज्यघटनेला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. त्यामुळे लिस्बनमधील नोंदणी कार्यालयात आजोबांच्या जन्माची नोंद करून पोर्तुगीज पारपत्र मिळविणाऱ्या तरुणाला भारतीय नागरिकत्व गमवावे लागते. एकीकडे ही संधी आहे, दुसरीकडे मतदानाचा हक्क, सरकारी नोकरी आणि आपल्याच गावातील स्थान यांविषयीचे पेच आहेत. मोंतेरो यांच्यापुढे १९६२ मध्ये जो पर्याय सक्तीने आला तोच आता स्वेच्छेने, पण आर्थिक निकडीच्या दडपणाखाली, हजारो कुटुंबांपुढे आहे. ज्या प्रश्नावर करार गप्प राहिला तो प्रश्न त्या मौनातच वाढत गेला.

असे असले तरी उभय देशांतील वातावरण आज सौहार्दाचे आहे, हे नाकारता येणार नाही. मडगावशी कौटुंबिक नाते असलेले आंतोनिओ कोश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान झाले आणि जानेवारी २०१७ च्या भारतभेटीत त्यांना भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड देण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये, संबंध पुनर्स्थापित होऊन पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पोर्तुगालला भेट दिली. एकेकाळी एकमेकांना न्यायालयात खेचणाऱ्या राष्ट्रांमध्ये हे घडावे, यात १९७४ च्या कराराचा वाटा मोठा आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, राजकीय संकटानंतर संबंध पुन्हा जुळण्यासाठी सत्तांतर ही अनुकूल परिस्थिती असते, पुरेसे कारण नसते. दोन्ही पक्षांना आपला सन्मान राखून स्वीकारता येईल अशी शब्दयोजना शोधावी लागते. १९७४ च्या कराराने ती घटनेतील तारखांच्या आधारे शोधली. दुसरा असा की, ज्या मौनामुळे करार शक्य होतो त्याच मौनाचा भार पुढे सामान्य माणसावर पडतो. म्हणून वादग्रस्त भूतकाळ बाजूला ठेवणे योग्य असले, तरी कैदी, ठेवी, दागिने, जन्मनोंदी आणि नागरिकत्व या गोष्टी त्याबरोबर बाजूला ठेवल्या जाऊ नयेत. त्यांच्यासाठी करारातच मुदत आणि यंत्रणा असावी. तिसरा असा की, संबंध तुटल्याच्या काळातही संपर्काची किमान सोय टिकविणे हे दुर्बलतेचे लक्षण मानू नये. राजनैतिक संबंध तुटले म्हणून वाणिज्यदूतविषयक संबंध आपोआप तुटत नाहीत, असे १९६३ चा व्हिएन्ना करार स्पष्टपणे सांगतो. तुरुंगात भेटावयास येऊ शकेल असा एक अधिकारी लिस्बनमध्ये असता, तर रानडे यांच्या बंदिवासाची सात वर्षे कदाचित वेगळी गेली असती.

राज्यशास्त्राच्या वर्गात करार शिकविताना त्यावर कोणी व केव्हा स्वाक्षरी केली, एवढे सांगून थांबण्याची आपली प्रथा आहे. त्याबरोबरच, त्या स्वाक्षरीची वाट पाहत कोण थांबले होते आणि स्वाक्षरीनंतरही कोण थांबून राहिले, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवला गेला पाहिजे. गोव्याचे सार्वभौमत्व एका वाक्यात मान्य झाले. गहाण पडलेली एक बांगडी परत येण्यास मात्र त्यानंतरही सोळा वर्षे लागली. संबंधांच्या पुनर्स्थापनेचा खरा इतिहास लिहावयाचा, तर या दोन्ही तारखांची नोंद शेजारी शेजारी करावी लागेल.